तालमीच्या रुग्णवाहिकेला रंग कुठला? पांढरा, पिवळट-हिरवा की लाल-भगवे पट्टे

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. आमच्या तालमीनं वर्गणी काढून रुग्णवाहिका घ्यायचं नक्की केलंय. गाडी ट्रॅव्हलरच्या अंगाची, म्हणजे मिनीबससारखी, कारखान्यातूनच रुग्णवाहिका म्हणून मंजूर होऊन येणारी. घोडं अडलंय ते रंगावर. थोरली मंडळी म्हणतात, पांढरी आहे ती पांढरीच ठेवा. पोरं म्हणतात, परदेशात असते तशी पिवळट-हिरवी करू, लांबून दिसेल. तिसरा गट लाल-भगव्या पट्ट्यांसाठी अडून बसलाय.

गाडी गगनबावडा, राधानगरी, शाहूवाडी या बाजूंनी पेशंट घेऊन कोल्हापूरच्या सीपीआर दवाखान्यात येणार. म्हणजे पावसाळ्यात घाटाचं धुकं आणि हंगामात रात्री उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग. तेव्हा जाणकारांनी सांगावं: बंब लाल आणि रुग्णवाहिका पांढरी यामागं काही शास्त्र आहे, की नुसती पडलेली रीत? रंग बदलून खरंच फरक पडतो का? चमकणारी टेप कुठली आणि किती मीटर घ्यायची? आणि लाल क्रॉस काढायचा की नाही?

वर्णपट

आधी डोळ्याचं बघू, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

दिवसाउजेडी आपण डोळ्यातल्या शंकुपेशींनी बघतो. त्यांना ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे पिवळट-हिरवा उजेड सगळ्यात तेजस्वी वाटतो. अंधार पडायला लागला की दंडपेशी कामाला लागतात आणि त्यांचा कमाल बिंदू ५०७ नॅनोमीटरकडे, निळसर-हिरव्याकडे सरकतो. लाल रंग दंडपेशींना जवळजवळ दिसतच नाही. याला पुर्किन्ये परिणाम म्हणतात. तो घरबसल्या बघता येतो: दिवे लागणीच्या वेळी कुंडीतल्या लाल जास्वंदीकडे बघा. पानं अजून हिरवी जाणवतात, पण फूल काळपट झालेलं असतं. लाल गाडीचं संध्याकाळी हेच होतं. शिवाय पुरुषांमध्ये लाल-हिरव्यातला भेद नीट न कळणारे बरेच असतात, त्यांच्यातल्या काहींना लाल आधीच मंद दिसतो.

म्हणून पोरांच्या म्हणण्यात तथ्य आहे. अमेरिकेत सॉलोमन आणि किंग यांनी डॅलस शहरातल्या बंबांचे चार वर्षांचे अपघात तपासले, १९९५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. चौकात 'दिसलाच नाही' या प्रकारच्या अपघातांचा धोका लाल-पांढऱ्या बंबांना पिवळट-हिरवा आणि पांढरा अशा दुरंगी बंबांच्या सुमारे तिप्पट निघाला. विमानतळासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतही आणीबाणीच्या गाड्यांना लाल किंवा पिवळट-हिरवा असे दोन रंग सुचवलेत, आणि बाकी कामाच्या गाड्यांना पिवळा.

पांढऱ्याचं म्हणाल तर तो उजेड सर्वाधिक परत फेकतो. त्यामुळे डांबरी रस्ता, झाडी, रात्रीचा काळोख यांच्यापुढे तो उठून दिसतो. वर उन्हात टप कमी तापतो. अमेरिकेतल्या बर्कले प्रयोगशाळेच्या २०११ च्या अभ्यासात उन्हात लावलेल्या फिक्या रंगाच्या गाडीतली हवा काळ्या गाडीपेक्षा ५ ते ६ अंश थंड राहिली होती. आत भाजलेला किंवा निर्जलीकरण झालेला पेशंट असेल, तर मे महिन्यात एवढा फरकही मोलाचा. पांढरा हरतो तो दोनच ठिकाणी: धुक्यात, आणि पांढऱ्या गाड्यांच्या गर्दीत.

बंबवाला

वर्णपट सरांचं डोळ्याचं गणित बरोबर आहे, पण त्यावरून गाडी पिवळट-हिरवी रंगवा असा अर्थ काढू नका. दिसणं वेगळं आणि कळणं वेगळं. रस्त्यावरच्या माणसाला अर्ध्या सेकंदात 'हा बंब', 'ही अँब्युलन्स' असं कळलं तरच तो बाजूला होतो. आपल्याकडं मोठी पिवळी गाडी म्हणजे स्कूलबस नाहीतर जेसीबी, तिला कोण वाट देणार? डॅलसच्या अभ्यासानंतरही अमेरिकेतली कित्येक अग्निशमन दलं लालकडं परत गेली. तिथल्या अग्निशमन प्रशासनानं २००९ मध्ये या विषयावर जो अहवाल काढला, त्यातही भर आहे तो परावर्तक पट्ट्यांवर, गाडीची बाह्यरेषा दाखवण्यावर आणि लोकांना गाडी ओळखू येण्यावर.

बंब लाल का? 'फोर्डच्या सगळ्या गाड्या काळ्या असायच्या, म्हणून बंब लाल केले' ही गोष्ट सगळीकडं फिरते. ती तारखांत बसत नाही. फोर्डची मॉडेल टी फक्त काळ्या रंगात मिळायला लागली १९१४ पासून. लंडनचे बंब त्याच्या कितीतरी आधी, घोडे ओढायचे तेव्हापासून लाल होते. म्हणजे लाल ही रीतच, पण दीडशे वर्षांत ती इतकी मुरलीय की ती मोडणं आता महागात पडेल. आपल्याकडं तर तो लाल नेमून दिलेला आहे: भारतीय मानक आयएस ५ मधली ५३६ क्रमांकाची छटा, 'फायर रेड'. यादीत तिच्या जवळचीच ५३८ म्हणजे 'पोस्ट ऑफिस रेड'. बंबाला टचअप करताना रंगाच्या दुकानात नुसतं 'लाल द्या' म्हटलं की या छटांची सरमिसळ होते आणि दरवाजा एका लालचा, बॉडी दुसऱ्या लालची दिसते. क्रमांक सांगूनच रंग मागवावा.

तेव्हा तुमची गाडी पांढरीच राहू द्या. कारखान्याच्या चांगल्या रंगावर पुन्हा रंग चढवण्यात पैसा घालवू नका. आरसीवर रंगाची नोंद असते, मूळ रंग बदलायचा तर आधी आरटीओची परवानगी आली. हिशेबही करून बघा. या मापाच्या गाडीचा बाहेरचा पत्रा काचा सोडून साधारण ३० चौरस मीटर. पीयू (पॉलियुरेथेन) रंग गनने मारताना निम्मा हवेत जातो, म्हणजे लिटरला ४ ते ५ चौरस मीटर धरा. सहा-सात लिटर रंग, त्यावर हार्डनर, थिनर, घासकाम, मजुरी. त्या पैशात उत्तम प्रतीची टेप लावून पैसे उरतील, आणि रात्री माणूस वाचवणार ती टेप.

उद्यमनगर_रंगारी

बंबवाले दादांच्या शब्दाला शब्द जोडतो. टेपचं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गाड्यांचं काम इथंच बिघडतं.

दोन वेगळ्या वस्तू आहेत, त्यात गल्लत नको. फ्लुरोसंट फिल्म अतिनील आणि निळा उजेड शोषून तो पिवळट-हिरव्या किंवा नारिंगी रंगात बाहेर टाकते, म्हणून ढगाळ दिवशी आणि सांजवेळी ती पेटल्यागत दिसते. अंधारात तिचा उपयोग शून्य. परावर्तक टेप याच्या उलट. हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेला परत पाठवते, दिवसा मात्र ती साध्या रंगासारखीच. तुम्हाला दोन्ही पाहिजेत, म्हणून फ्लुरोसंट आणि प्रिझमॅटिक परावर्तक असं दोन्ही असलेलं एकच शीट घ्या. फ्लुरोसंट रंग डब्यातला घेऊन मारू नका, कोल्हापूरच्या उन्हात तो लवकर विटतो.

टेप ओळखायची कशी? बोटानं तिरपी धरून बघा. आत षटकोनी किंवा हिऱ्यासारखी बारीक जाळी दिसली तर ती प्रिझमॅटिक. गुळगुळीत, वाळूसारखी बारीक चमक असली तर काचमण्यांची, ती स्वस्त आणि कितीतरी मंद. गाडीची बाह्यरेषा काढायला जी मान्य टेप येते, तिच्यावर ठरावीक अंतरानं 'सी' आणि '१०४ आर' असा शिक्का छापलेला असतो. तो शिक्का ज्या आंतरराष्ट्रीय मानकाचा, त्यात नव्या टेपचं किमान परावर्तन पांढऱ्याला ४५० एकक, पिवळ्याला ३००, लालला १२० धरलंय. म्हणजे लाल टेप पांढरीच्या जेमतेम पाव उजेड परत देते. नुसत्या लाल पट्ट्यांवर भागवू नका म्हणतो ते यासाठी.

रंगांची जागा आपल्या नियमानं ठरलेली: समोर पांढरी, बाजूला पिवळी, मागं लाल, रुंदी ५० मिलिमीटर. तुमच्या गाडीला लागेल ती अशी. एका बाजूला वरची कड ५ मीटर, खालची ५, दोन उभ्या मिळून साडेतीन. दोन्ही बाजू धरून पिवळी २७ मीटर. मागच्या चौकटीला लाल ७ मीटर, पुढं पांढरी दीड ते दोन. रोल साधारण ४५ मीटरचा असतो, पिवळा एक पुरून उरतो. लाल-पांढरी मीटरवर सुटी घ्या. रेषा बिजागरी-खटक्यापाशी तुटली तरी चालते, पण एकूण लांबीच्या ८० टक्के तरी भरली पाहिजे. कारण समोरच्याला गाडीचा आकार कळायला हवा. दोन तुकडे इथं, दोन तिथं लावले तर रात्री त्या दोन सायकली वाटतात.

मागं त्या लाल चौकटीच्या आत शेवरॉन, म्हणजे तिरप्या दुरंगी पट्ट्यांची नक्षी. पट्टा १५० मिलिमीटर रुंद, एक लाल एक फ्लुरोसंट पिवळट-हिरवा, ४५ अंशात. उतार मधून बाहेर-खाली, कौलारू छपरासारखा. उलटा लावला तर मागून येणाऱ्याची नजर बाजूनं निघून जाण्याऐवजी गाडीच्या मध्याकडं ओढली जाते. मागच्या दाराची काच सोडून दीड चौरस मीटर जागा भरते. तिरप्या कापणीत पाव भाग वाया जातो, म्हणून दोन्ही रंग एकेक चौरस मीटर घ्या.

लावण्याची पद्धत:

पत्रा आधी शाम्पूनं धुवा. वॅक्स पॉलिश मारलेलं असेल तर ते सॉल्व्हंटनं पूर्ण काढा, नाहीतर टेप महिनाभरात कडेनं उठते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून पुसा आणि ओलं असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपा. नुसतं वाळू दिलं तर तेल तिथंच राहतं. गाडी सावलीत हवी, पत्रा हाताला कोमट लागला पाहिजे. तापलेल्या पत्र्यावर टेप एकदा चिकटली की सरकवता येत नाही.

टेप ओढून ताणू नका, ती मागाहून आकसते आणि टोकं सुटतात. मधून बाहेर असा फेल्टच्या स्क्वीजीनं (दाबपट्टीनं) दाब द्या. दरवाजाच्या फटीवरून टेप सलग नेऊन मग ब्लेडनं फटीत कापा आणि प्रत्येक कडेपासून ३ मिलिमीटर आत घ्या. रबर बीडिंगवर, रिबेटच्या डोक्यावर टेप बसत नाही, रिबेटभोवती गोल कापून टाका. कोपरे गोल करा, टोकदार कोपरा धुण्याच्या फडक्यात अडकतो. २४ तास पाणी लागू देऊ नका.

गाडीला कुठं नवा रंग मारला असेल तर टेपची घाई नको. हवेवर वाळलेल्या पीयू रंगातून आठवडाभर सॉल्व्हंट बाहेर पडत राहतो. त्याच्या आधी टेप लावली की खाली फोड धरतात. आणि जुलैमध्ये उघड्या शेडमध्ये रंग मारून घेऊ नका. हवेत दमटपणा ८५ टक्क्यांवर गेला की रंगावर दुधी झाक येते, ती पॉलिशनं जात नाही.

मंगळवारपेठकर

भारी माहिती, धन्यवाद सगळ्यांना. पांढरी ठेवायची यावर आता मंडळात एकमत होईल. आणखी दोन गोष्टी. पोरांना ब्रिटनसारखी बाजूला चौकड्यांची नक्षी पाहिजे. आणि देणगीदारांची नावं गाडीवर टाकायचा शब्द दिलाय, तर ती कुठं टाकायची? एक जण म्हणतो धुक्यात लाल रंग सगळ्यात लांब जातो, म्हणून पट्टे लालच हवेत. हे खरं का?

वर्णपट

धुक्याबद्दलचा तो समज चुकीचा आहे. लाल उजेड कमी विखुरतो हे स्वच्छ हवेच्या बाबतीत खरं, कारण तिथं विखुरणारे कण उजेडाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी लहान असतात. धुक्याचा थेंब त्या तरंगलांबीच्या अनेक पट मोठा, त्याला लाल, निळा, पिवळा सगळे सारखेच. घाटात उपयोगी पडतं ते एवढंच की पट्टा रुंद असावा आणि शेजारच्या रंगाशी त्याचा फरक ठळक असावा. पांढऱ्या धुक्यात पांढरा पत्रा विरून जातो, तेव्हा बाजूला कमरेच्या उंचीवर १५० मिलिमीटरचा फ्लुरोसंट पिवळट-हिरवा पट्टा आणि त्याला वर-खाली गडद निळी किंवा गडद हिरवी कड द्या. दाट धुक्यात टपावरचे फ्लॅशर पूर्ण जोरात ठेवले की उजेड धुक्यावरून उलटून चालकाच्याच डोळ्यांवर येतो. मंद करायचं बटण असलेला लाइटबार निवडा.

चौकड्या, म्हणजे बॅटनबर्ग, ब्रिटनच्या पोलिसांच्या संशोधन विभागानं १९९० च्या दशकात काढल्या. तिथं रुग्णवाहिकेला पिवळा-हिरवा, पोलिसांना पिवळा-निळा, बंबाला पिवळा-लाल. त्यातलं मर्म चौकोनांच्या मापात आहे. ते मोठेच हवेत, हातभर तरी. आपल्याकडं वितीएवढ्या बारीक चौकड्या चिकटवतात, त्या लांबून एकमेकींत मिसळून राखाडी दिसतात आणि गाडीची बाह्यरेषाच मोडतात. असली नक्षी लावण्यापेक्षा एक सलग पट्टा बरा.

गगनगिरी_वाट

हंगामातल्या रस्त्याचं मी सांगतो. उसाची ट्रॉली पुढं असली की तिचा चालक आरशात बघून बाजूला होईल ही आशा धरू नका. पाचटानं आरसा झाकलेला असतो आणि ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी चालू असतात. तिथं सायरनच. रंगाचा आणि टेपचा उपयोग समोरून आणि मागून येणाऱ्यांना. पण टेपवर चिखल बसला की तिचं मोल संपलं. प्रिझमच्या पृष्ठभागावर धुळीचा पातळ थर असला तरी बराच उजेड गिळला जातो, आणि सगळ्यात आधी माखतो तो मागचा खालचा भाग, जिथं शेवरॉन असतो. चालकाच्या कामातच लिहून ठेवा: प्रत्येक फेरीनंतर मागचं दार आणि खालची पिवळी रेषा ओल्या फडक्यानं पुसायची. प्रेशर पंपानं धुताना नोझल हातभर लांब आणि पाणी काटकोनात, सरळ पत्र्यावर. तिरपा झोत टेपची कड उचलतो. डिझेल किंवा रॉकेलच्या बोळ्यानं डाग काढू नका, गोंद मऊ पडतो.

पुराच्या काळात हीच गाडी चिखली-आंबेवाडीकडं लागली तर सोबतच्या लाइफ जॅकेटकडंही बघा. नारिंगी रंग समुद्रासाठी उत्तम, निळ्यापुढं तो उठतो. पंचगंगेच्या तांबूस गढूळ पाण्यात तेवढा उठत नाही. खांद्यावर आणि छातीवर परावर्तक पट्टी शिवलेलीच जॅकेटं घ्या, पट्ट्या पाण्याच्या वर राहतील अशा.

बंबवाला

राहिलेली दोन उत्तरं.

लाल क्रॉस काढू नका. ते चिन्ह सजावटीचं नाही, युद्धातल्या वैद्यकीय पथकांचं संरक्षण-चिन्ह आहे. जिनिव्हा करार कायदा, १९६० च्या कलम १२ प्रमाणं केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ते किंवा त्याची नक्कल वापरता येत नाही. उगाच कुणीही वापरत गेलं तर जिथं त्या चिन्हाकडं बघून गोळी थांबायला हवी तिथं ती थांबणार नाही, म्हणून याबाबतीत हयगय नको. त्याऐवजी निळा सहा पाकळ्यांचा 'स्टार ऑफ लाइफ' घ्या. तो अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा विभागात १९७३ मध्ये तयार झाला, तोही तिथल्या रेडक्रॉसनं क्रॉसच्या वापराला हरकत घेतल्यावरच. बाजूला दोन, मागं एक, टपावर एक मोठा.

बॉनेटवरची अक्षरं उलटी, पुढच्या गाडीच्या आरशात सरळ दिसतील अशी. स्टिकर कापणाऱ्या प्लॉटरवाल्याला फाइल आरशासारखी फिरवून कापायला सांगा आणि लावण्यापूर्वी कागदाची प्रत गाडीवर चिकटवून आरशातून वाचून बघा. 'रुग्णवाहिका' देवनागरीत टाकणार असाल तर जाड, सुटसुटीत टाइप घ्या. बारीक टाइपात 'रु' आणि 'ग्ण' दुरून एकमेकांत भरून येतात. अक्षराची उंची १५ सेंटीमीटरच्या खाली नको, दुचाकीचा फुगीर आरसा सगळं आणखी लहान करतो. पांढऱ्यावर लाल अक्षर चालतं, अंधारात ते काळं दिसलं तरी वाचता येतं. निळ्या पट्टीवर लाल मात्र कधीच नको. बाजूची आणि मागची अक्षरं सरळच ठेवा.

देणगीदारांची नावं चालकाच्या आणि क्लीनरच्या दारावर, पट्ट्याच्या खाली, गडद निळ्या साध्या अक्षरांत. शेवरॉनवर आणि बाह्यरेषेवर काहीही चिकटवायचं नाही, तालमीचं नावसुद्धा नाही. बक्षिसाचे, वाढदिवसाचे स्टिकर आले की महिनाभरात मागचं दार झाकून जातं, म्हणून हा नियम गाडी येण्याआधीच बैठकीत लिहून घ्या.

उद्यमनगर_रंगारी

ताबा घेताना काम तपासायचं ते रात्री. गाडी अंधारात उभी करा, ३० पावलं मागं जा, टॉर्च कपाळाला, डोळ्याच्या अगदी शेजारी धरा आणि गाडीवर मारा. टॉर्च कमरेला धरली तर टेप मंदच दिसणार, कारण उजेड टॉर्चकडं परत जातो, डोळ्याकडं नाही. चारी बाजूंनी फिरून बघा: चौकट पूर्ण उजळली पाहिजे आणि कुठं काळा ठिपका दिसला तर तिथं खाली हवा राहिलीय किंवा टेप दुमडलीय. फ्लॅश चालू ठेवून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. वर्षानं त्याच जागेवरून, त्याच मोबाइलनं पुन्हा फोटो काढा. जो तुकडा फोटोत मळका दिसेल तेवढाच बदला. जुना काढताना हेअर ड्रायरनं गरम करून सपाट कोनात ओढा, खालचा रंग उचलणार नाही.

मंगळवारपेठकर

रविवारी बैठक आहे, हा सगळा धागा छापून नेतो. शेवरॉनचं माप आणि स्टिकरबंदीचा नियम दोन्ही ठरावात घेतो. टेप लागली की रात्रीचे फोटो इथं टाकतो, कुठं चुकलं असेल तर सांगा.